लाल बाकावरच्या बायका

पाच हजार माणसं एका बाईच्या हवाली केली तर ती काय करणार? वाटण्या करणार. मी नोकरीभर तेच केलं. बिलोली तालुक्यात, मांजरेच्या अलीकडे, जिथून पूल ओलांडला की तेलंगणा लागतो, अशा एका गावच्या उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. तरण्या बाया सिस्टर म्हणत, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मी तोंडाने फटकळ, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं नर्स म्हणजे सुई. सुई टोचायला मिनिट लागत नाही हो. खरं काम वह्यांचं. चार गावं, दोन तांडे आणि मी एकटी. सगळ्यांकडे सारखं लक्ष देणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून दोन वर्षांच्या आतली लेकरं एका वहीत, नवी लग्नं झालेली दुसऱ्या वहीत, खोकल्याचे तिसऱ्या, साखरेचे आणि बीपीचे चौथ्या. गरोदर बायांची वही सगळ्यात जाड, आणि तिच्यातही पुन्हा तीन गट. जिचं सगळं ठीक ती महिन्यातून एकदा आली तरी चालतं. जिचं रक्त कमी ती पंधरा दिवसांनी. आणि जिचं बीपी वाढलेलं, आधी सिझर झालेलं, जुळं असलेलं, ती दर मंगळवारी आलीच पाहिजे. नाही आली तर मी तिच्या दारात.

गट कळावा म्हणून प्रत्येकीजवळ जे तपासणीचं कार्ड असतं त्यावर रंगीत खूण करायची असते. वरून चिकटवायचे कागद यायचे ते एक वर्ष आले, मग आलेच नाहीत. मी दोनदा मागितले, तिसऱ्यांदा मागितले नाहीत. बांगड्यांच्या दुकानात गेले आणि टिकल्यांची पाकिटं घेतली. हिरवी, पिवळी, लाल. चांगली रुपयाएवढी गोल. बाईच्या कार्डाच्या कव्हरवर एक टिकली आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे त्याच रंगाची एक. आमची आशा कार्यकर्ती नजमा पोट धरून हसली. म्हणाली, "बाई, पूरे गाव का सिंगार तुम्हीच करून राहिले." पण आठ दिवसांत तिलाही कळलं की आता कार्ड उघडायची गरजच नाही.

टिकल्यांचा आणखी एक फायदा झाला. आमच्या बऱ्याच पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात आणि अर्ध्यांची माहेरं पुलापलीकडे. वही माझ्याकडे राहते, बाई तिकडे जाते. पलीकडची लक्ष्मी सिस्टर तेलुगू, मी मराठी. माझं अक्षर तर मराठी माणसालाही वाचता येत नाही. मी तिला फोनवर तीन रंग समजावून सांगितले. "रेड म्हणजे धावायचं, अक्का," म्हटलं. ती म्हणाली, "अर्थमैंदि, अर्थमैंदि." समजलं म्हणे. तेव्हापासून आम्हा दोघींचा सगळा कारभार टिकलीवर चालला, आणि चांगला चालला.

माणसाचं एक जमलं की त्याला पुढचं सुचतं. मंगळवारी तपासणीला इतकी गर्दी व्हायची की बीपी बघायचं राहून जायचं आणि नुसत्या गप्पाच व्हायच्या. मी शाळेतून मोडकी तीन बाकं मागून आणली, नीट करून घेतली आणि हिरवं, पिवळं, लाल असा रंग मारून घेतला. बायांनी आपापल्या टिकलीच्या बाकावर बसायचं. आधी लाल बाक तपासायचं, मग पिवळं, मग हिरवं. काम निम्म्या वेळात उरकायला लागलं. तालुक्याचे साहेब बघायला आले, फोटो काढून घेऊन गेले, आणि मीटिंगमध्ये सगळ्या सिस्टरांसमोर माझं नाव घेतलं. मी वर्षभर त्या कौतुकावर जगले. खोटं कशाला बोलू?

सत्तरीची एक म्हातारी दर मंगळवारी येऊन मध्येच उभी राहायची आणि विचारायची, "माझं बाक कोणतं गं?" मी म्हणायचे, "आजी, तुमचा नंबर होऊन गेला." ती म्हणायची, "मग मी काय हुबीच मरू का?" मग मी तिला हिरव्यावर बसवायचे. हिरव्या बाकावर हसणं-खिदळणं चालायचं. लाल बाकावर कुणी बोलत नसे. ते मला दिसत होतं. आजारी बाया कशाला बोलतील, असं मी धरून चालले होते.

मनीषा त्या लाल बाकावर बसायची. गयाबाईची सून, बावीस वर्षांची, पहिलटकरीण, अंगाने बारीक, मोठ्या डोळ्यांची. सहाव्या महिन्यापर्यंत हिरवी होती. सातव्यात पाय सुजले, बीपी वर गेलं, लघवीच्या तपासणीत दोष निघाला. हे दुखणं लबाड असतं. बाईला काही दुखत नाही, ती भाकरी थापते, पाणी भरते, आणि एक दिवस डोकं धरून बसते. मग झटके येतात, आणि झटके आले की आई आणि बाळ दोघांचाही भरवसा देता येत नाही. मी तिची हिरवी टिकली काढून लाल लावली, बीपीच्या गोळ्या दिल्या आणि लाल बाक दाखवलं.

दुसऱ्या मंगळवारी तिने मला हळूच विचारलं, "बाई, मी पिवळ्यावर बसू का?"

"का? लालला काटे आहेत का?"

"तसं न्हाई."

"मग बस गप. पन्नास जणी थांबल्यात."

ती बसली. हे एवढंच बोलणं झालं आमचं. तेव्हा मी बीपीचा पट्टा हातात धरून उभी होते, मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज ते चार शब्द परत गिळता आले असते तर काय हवं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी लाल बाकावर तिची जागा रिकामी होती. अकरा वाजले तरी आली नाही. तेवढ्यात गयाबाई स्वतःच्या साखरेच्या गोळ्या न्यायला आली.

"सून कुठाय?" मी विचारलं.

"माहेरी धाडली की. शुक्रवारी ओटी भरली, शनवारी तिचा भाऊ घिऊन गेला."

"मला न विचारता?"

"इचारायचं काय त्यात? पहिलं बाळातपण माहेरीच असतंय. आन तिनं सांगितलं की, बाईंनी हिरवी केलीया म्हणून."

मला वाटलं म्हातारी गोंधळली. बाजूला होऊन लक्ष्मी सिस्टरला फोन लावला. ती दुसऱ्या गावात लसीकरणाला गेली होती, मागे लेकरं रडत होती. मनीषा आली का, विचारलं. आली, शनिवारीच कार्ड बघितलं, म्हणाली.

"आज बीपी बघितलं का?"

"ग्रीन उंदि, अक्का. ग्रीन नेक्स्ट मंथ."

"ग्रीन नाही. रेड. रेड आहे ती."

"लेदु लेदु. ग्रीन. मैने देखा."

मी वही उघडली. मनीषाच्या नावापुढे लाल टिकली जागच्या जागी होती. कार्डात आत तिचे बीपीचे आकडे मी हाताने लिहिले होते, पण आत बघायची गरज पडू नये म्हणून तर टिकली लावायची. लक्ष्मी सिस्टरने मी शिकवलं तसंच केलं होतं.

नजमाला म्हटलं, हिरवं बाक घरी पाठव, बाकीच्यांना थांबव, आणि गयाबाईच्या मागोमाग तिच्या घरी गेले. मला काय शोधायचं होतं ते मलाच कळत नव्हतं. गयाबाई म्हणत होती, सगळं सामान घेऊन गेली, कार्डबी नेलं, तुमी घाबरून का राहिल्या?

मधल्या खोलीत भिंतीला आरसा होता. आपल्याकडे पोरींची सवय तुम्हाला माहीत आहे. तोंड धुताना टिकली काढली की आरशाच्या कडेला चिकटवून ठेवायची. मनीषाच्याही होत्या, पाच-सहा, बारीक मरून, काळ्या, एक खड्याची. आणि त्यांच्या खाली एक रुपयाएवढी लाल. एवढी मोठी टिकली आजकाल कुठली तरणी पोर लावते? नखाने उचकटली. मागच्या गोंदाला कार्डाच्या कव्हराचा गुलाबी पापुद्रा चिकटलेला होता. आरशाखालच्या देवळीत फणी, पावडरचा डबा आणि गेल्या मंगळवारी मी दिलेली बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. दोन अख्खी, एकातल्या तीनच गोळ्या संपलेल्या. माहेरी जाऊन हिरवी बाई गोळ्या कशाला खाईल? म्हणून ती त्या इथेच ठेवून गेली होती.

म्हणजे चार दिवस गोळी नाही, तपासणी नाही, आणि पलीकडे कुणाला पत्ता नाही.

मनीषाचा फोन लावला, लागेना. तिच्या भावाचा लावला, तो उचलेना. लक्ष्मी सिस्टरला म्हटलं, तुमच्या बाजूची ॲम्ब्युलन्स त्या घरी पाठवा, मी येतेय. मी फक्त "झटके, फिट्स" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि ती पहिल्यांदाच मराठीत बोलली, "या, या, लवकर या." उपकेंद्रातून झटक्यांवरचं इंजेक्शन आणि बीपीची मशीन पिशवीत टाकली. नजमाचा नवरा इस्माईलभाई ऑटो चालवतो. तो जेवायला बसला होता, तो तसाच उठला. नजमा म्हणाली, मी पण येते, तुम्ही एकट्या नका जाऊ.

पुलाच्या अलीकडे नाक्यावर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली. इस्माईलभाई ऑटो रांगेतून काढायला बघत होता आणि गाडीवाले शिव्या घालत होते. नजमा खाली उतरली, एकेका ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन सांगत सुटली, "भैया, जचकी का मामला है, जरा बाजू हो." एकेक गाडी सरकत होती. मी आत बसून मनात तिचे आकडे घोकत होते. आणि सारखा एकच विचार येत होता, टिकली काढली कुणी? गयाबाईने? शेजारणीने? कुणी का असेना, तिचा मी जीव घेणार होते.

घर सापडलं. दारातच मनीषाची आई. म्हणाली, सकाळपासून डोकं लई दुखून राहिलं, बाम लावून निजवलंय, ऊन लागलं असंल. आत मनीषा बाजेवर पडली होती. चेहरा सुजलेला, डोळे अर्धवट उघडे. मला बघून तिला काही आनंद झाला नाही, उलट ती घाबरली.

"डोळ्यांपुढे काय दिसतंय गं?"

"चमकून राहिलं, बाई. काजवे."

बीपी बघितलं. जो आकडा दिसला तो मोठ्याने म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. नजमाला मशीन दाखवली, तिने ओठ चावले. पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके होते, पण मंद. मी सुई भरायला घेतली तोच तिची मान एका बाजूला वळली, जबडा घट्ट झाला आणि अख्खं अंग बाजेवर थडथड उडायला लागलं.

आई धावली, चप्पल उचलून तिच्या नाकाला लावायला लागली. मी चप्पल हिसकावून कोपऱ्यात फेकली. "तोंडात काही घालायचं न्हाई, नाकाला काही लावायचं न्हाई. तिला डाव्या अंगावर धरा." नजमाने खांदे धरले, मी बाजेवर गुडघा टेकून कमरेत एका बाजूला सुई दिली, मग दुसऱ्या बाजूला. हे इंजेक्शन फार दुखतं, शुद्धीत असलेली बाई किंचाळते. ती हूं की चूं करत नव्हती. एक मिनिट गेलं असेल, मला तास वाटला. मग अंग सैल पडलं आणि घोरल्यासारखा श्वास यायला लागला. तो आवाज ऐकून मी खाली जमिनीवर बसले.

ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग लक्ष्मी सिस्टर स्कूटीवर आली. घामाने भिजलेली. आम्ही दोघी इतकी वर्षं फोनवर बोलत होतो, पहिल्यांदा समोरासमोर उभ्या. तिने मनीषाचं कार्ड माझ्या हातात दिलं. कव्हरवर हिरवी टिकली. कडेने मागचा कागद सोललेला दिसत होता, पण ते दिसायला आधी माहीत असावं लागतं. ती तेलुगूत काहीतरी म्हणत रडायला लागली. मला एकही शब्द कळला नाही, सगळं कळलं. मी म्हटलं, "तुमची नाही चूक, अक्का. चढा गाडीत."

त्यांच्या बाजूच्या मोठ्या दवाखान्यात तासाभरात सिझर झालं. मनीषा वाचली. बाळ रडलं नाही. मुलगा होता. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, मी काचेतून बघत होते.

गयाबाई संध्याकाळी आली. मला वाटलं आता ही माझ्या अंगावर येणार, आणि यावं असंही वाटत होतं. ती माझ्या शेजारी बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "तुमी तर पळत आलात, बाई. आमचं नशीबच वंगाळ." तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या दिवशी जेवले असते.

तिसऱ्या दिवशी मनीषाला भेटायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, पण माझं तोंड ऐकतं का?

"टिकली कुणी काढली, मनीषा?"

ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मीच काढली, बाई. बाजारातली आणून हिरवी लावली."

"अगं पण का?"

"नळावर बाया म्हणायच्या, लालीवाली आली, सरका. माझ्या हांड्याला हांडा लावायच्या न्हाईत. जावेनं तिच्या लेकीला माझ्याजवळ यिऊ दिलं न्हाई. म्हणायच्या, हिच्या पोटात खोट हाय म्हणून बाईंनी येगळं बसवलंय." ती वळली. "ओटी भरायला बाया आल्या, तर त्यातल्या दोघी लांबूनच गेल्या. मला वाटलं, माहेरी तरी कुणाला कळू नये."

मला तिला सांगायचं होतं की बाक तुला वाचवायला होतं. पण मी पन्नास बायांसमोर बावीस वर्षांच्या पोरीला वेगळ्या रंगावर बसवलं होतं. आणि मी कोण? माझ्या वडिलांना शाळेत वर्गाबाहेर बसवून शिकवलेलं. ते वर्गाचं दार, तो उंबरा, तिथून फळा कसा अर्धाच दिसायचा, हे सगळं ते आम्हाला जेवताना सांगायचे. आमच्या घरात ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कुणाला कुठे बसवायचं याचा अर्थ गावात काय होतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी बाकं रंगवली, आणि वर्षभर फोटो दाखवत फिरले.

परत आल्यावर पहिल्या मंगळवारच्या आत तिन्ही बाकं शाळेला देऊन टाकली. नवीन चटया अंथरल्या. ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने बसा, म्हटलं. टिकल्या मात्र मी सोडल्या नाहीत, कारण टिकल्यांशिवाय बाया दगावल्या असत्या. पण कार्डावरची टिकली कुणाला दिसणार नाही अशी कव्हराच्या आतल्या बाजूला लावायला लागले, आणि लक्ष्मी सिस्टरला बजावलं, रंग कोणताही असो, आकडे बघायचेच. ज्यांना लाल दिली त्यांना आतल्या खोलीत घेऊन का दिली ते सांगायला लागले. काम पुन्हा दुप्पट वेळ घ्यायला लागलं. साहेब पुढच्या वेळी आले, म्हणाले, "सिस्टर, ती सुंदर बाकं कुठं गेली?" म्हटलं, वाळवी लागली.

बाळाच्या मृत्यूचा अहवाल भरावा लागतो. कारण, उशीर कुठे झाला, कुणी केला, अशा चौकटी असतात. मी सगळं खरं लिहिलं, टिकलीचंही लिहिलं. बाकाचं लिहायला चौकट नव्हती. समासात लिहू शकले असते. लिहिलं नाही. ते आज लिहिते आहे.

निवृत्तीला काही महिने राहिले असतील. मंगळवार होता, बाया चटयांवर बसलेल्या, ती म्हातारी हयात होती, ती मधोमध ऐसपैस बसलेली. मनीषा आत आली. मागे गयाबाई, हातात पिशवी. मनीषाला चौथा महिना होता. मी तिला बघून उठले आणि आतल्या खोलीकडे खूण केली. एकदा सिझर झालेलं, आधी झटके, तिच्यासाठी लालशिवाय दुसरा रंग नव्हता, आणि तो सगळ्यांसमोर काढायची मला भीती वाटत होती.

ती आत गेली नाही. चटयांच्या मधून वाट काढत माझ्या टेबलापाशी आली आणि कार्ड समोर ठेवलं. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझी लाल हाय, बाई. आत नगं. वरच लावा, कव्हरवर."

मी पाकिटातून टिकली काढली आणि कार्डावर दाबून बसवली. तिने ती नखाने कडेला चाचपून बघितली. मग कार्ड पुन्हा माझ्यापुढे सरकवलं.

"वरून चिकटपट्टी लावा," ती म्हणाली. "मी लई वंगाळ हाय. माझा भरवसा न्हाई."

गयाबाईने पिशवीत हात घातला. चिकटपट्टी ती घरूनच घेऊन आली होती.